ख्रिसमस मार्केट 'करू' नका

नोव्हेंबर उजाडला, की जर्मनीत थोडेफार दिवस काढलेल्या कुठल्याही मराठी माणसाच्या फोनवर एक मेसेज हमखास येतो. "अरे, यंदा डिसेंबरात ख्रिसमस मार्केट्स करायचा विचार आहे. वर्थ आहे का रे?" सोबत एक एक्सेल शीट. पहिला दिवस फ्रँकफर्ट, दुसरा कलोन, तिसरा स्ट्रासबुर्ग, चौथा न्यूरेंबर्ग, पाचवा ड्रेस्डेन, सहावा प्राग. सातव्या दिवशी विमान, आठव्या दिवशी हापिस.

क्रियापद बघा. 'करायचा'. लोक अष्टविनायक करतात, चारधाम करतात, तशी मंडळी आता ख्रिसमस मार्केटं करतात. फरक एवढाच, की अष्टविनायक करणाऱ्याला प्रत्येक गावी पोचल्यावर काय करायचं ते माहीत असतं. दर्शन, प्रसाद, पुढची गाडी. इथे पोचल्यावर करायचं काय, हा कॉलम त्या शीटमध्ये नसतोच.

दुसरा एक पंथ आहे. "काही नाही रे, लाकडी टपऱ्या, सॉसेज आणि गरम दारू. इथून तिथून सगळं सारखं. नुसता धंदा." हे म्हणणारे बहुतेक जण वरचीच टूर करून आलेले असतात, हा काही योगायोग नव्हे.

माझं म्हणणं असं, की दोघांचाही घोटाळा एकाच जागी आहे. दोघंही ख्रिसमस मार्केटला 'स्पॉट' समजतात. ती बघायची गोष्ट नाही, तासभर उभं राहायची गोष्ट आहे. एक बाजार, एक संध्याकाळ, सोबत जमल्यास ओळखीचा माणूस, एवढ्यासाठी जरूर जावं. पण त्यासाठी मुद्दाम भारतातून विमान पकडू नये, आणि सहा दिवसांत सहा तर मुळीच करू नयेत. पटत नसेल तर पुढे वाचा. पटत असेल तरी वाचा, विकांत आहे, घाई कसली. :)

आधी त्या शीटचाच हिशोब करू, कारण आपल्या लोकांना हिशोब पटतो. न्यूरेंबर्गला डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाजाराची सगळी मजा अंधार पडल्यावर. दिवसाउजेडी त्याच टपऱ्या, तेच दिवे, पण एखाद्या लग्नाच्या मांडवात सकाळी सात वाजता गेल्यासारखं वाटतं. म्हणजे सहा दिवसांच्या टूरमध्ये तुमच्या हातात खरं तर सहा संध्याकाळीच आहेत. आता कलोन ते स्ट्रासबुर्ग, स्ट्रासबुर्ग ते न्यूरेंबर्ग, न्यूरेंबर्ग ते ड्रेस्डेन ही अंतरं बघा, प्रत्येक टप्पा रेल्वेने साधारण चार तासांचा. शिवाय जर्मन गाड्या मिनिटावर धावतात हा आपला समज आता सोडून द्या. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२ टक्के वेळेवर पोचल्या, आणि त्यांच्या व्याख्येत सहा मिनिटांच्या आतला उशीर हा उशीरच धरत नाहीत. एक जोडगाडी चुकली की एक संध्याकाळ गेली. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो. वर विमान, वर डिसेंबरातल्या शनिवार-रविवारचे हॉटेलांचे चढे दर. एवढं ओतून पदरात काय? रोज संध्याकाळी दोन तास, पाठीवर सॅक, हातात फोन आणि डोक्यात उद्याची गाडी.

त्याहून मोठा गोंधळ तारखांचा. आपल्याकडे आयटीवाल्यांची सुट्टी सुरू होते ती २४ तारखेच्या आसपास. क्लायंट सुट्टीवर, आपणही सुट्टीवर. आणि न्यूरेंबर्गचा बाजार २४ डिसेंबरला दुपारी दोन वाजता बंद होतो! जर्मनीतले बहुतेक मोठे बाजार २३-२४ तारखेला गाशा गुंडाळतात. बर्लिनसारख्या ठिकाणी काही पुढेही चालतात, पण ते अपवाद. २५ तारखेला मुख्य चौकात गेलात तर टपऱ्या उतरवणारे कामगार दिसतील, नाहीतर तेही नाहीत.

यामागचं कारण कळलं की अर्धा विषय कळला. हा नाताळचा बाजार नसून नाताळच्या *आधीचा* बाजार आहे. नाताळच्या आधीचे चार रविवार धरून जो काळ येतो, त्याला आडव्हेंट म्हणतात, म्हणजे वाट बघण्याचा काळ. बाजार त्या काळाचा. आपल्या भाषेत सांगायचं तर दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तुळशीबाग. आकाशकंदील, पणत्या, रांगोळीचे ठसे, काही घ्यायचं नसतानाही आईबरोबर मारलेली चक्कर. ही मजा घ्यायला कोणी भाऊबीजेनंतर आलं तर आपण त्याला काय म्हणू? आणि कोणी सहा दिवसांत पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर, सोलापूर आणि सांगलीतल्या दिवाळीच्या बाजारपेठा 'करून' आला आणि म्हणाला, "सगळीकडे कंदीलच होते राव," तर?

आता तो 'सगळं सारखं' हा आरोप. तो अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या आरोपाला नुसतं झटकून टाकता येत नाही. भाजलेले साखरी बदाम, क्रेप, लोकरी टोप्या, चमचमणारे गोळे हे खरंच सगळीकडे सारखं असतं. जगभरच्या नाताळच्या सजावटीचा मोठा हिस्सा चीनमधल्या यिवू या एका शहरातून येतो. तोच गोळा जर्मनीतल्या टपरीवर आणि तोच मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात. तो आणायला सात हजार किलोमीटर जाण्यात अर्थ नाही, हे कबूल.

पण त्याच रांगेत, दहा टपऱ्या सोडून, एखादा माणूस झायफेनची खेळणी विकत असतो. झायफेन हे चेक सीमेजवळच्या एर्त्सगेबिर्ग डोंगरातलं छोटं गाव. पूर्वी तिथे कथिलाच्या खाणी होत्या. खाणींतलं उत्पन्न आटत गेलं तसे खाणकामगार लाकडाच्या कातकामाकडे वळले. तिथे एक भन्नाट पद्धत आहे. लाकडाची ओली चकती लेथवर लावतात आणि कारागीर तिच्यातून एक गोल कडं कातत जातो. कड्याच्या कडेला आत-बाहेर असे खाच-उंचवटे घेतो. मग त्या कड्याचे केकसारखे उभे काप करतात, आणि प्रत्येक कापात एक घोडा, गाय नाहीतर हत्ती निघतो! कातताना कारागिराला प्राणी दिसतच नाही, तो त्याच्या डोक्यात असतो. आपण एवढे डीबगर लावून, दर ओळीला लॉग छापून काम करणारे लोक, आणि हा गडी आउटपुट न बघता शेवटपर्यंत जातो. पुढे प्रत्येक तुकडा हाताने कोरायचा, रंगवायचा. थुरिंगियातल्या लाउशा गावचे काचेचे गोळेही असेच. तोंडाने फुंकून केलेले, आतून चांदीचा मुलामा दिलेले, वरून हाताने रंगवलेले.

आता सांगा, दोन तासांत गाडी पकडायची असलेल्या माणसाला या दोन टपऱ्यांमधला फरक कळेल का? त्याला दोन्हीकडे 'लाकडी काहीतरी' आणि 'काचेचं काहीतरी' दिसणार. एकाची किंमत तीन युरो आणि दुसऱ्याची तीस, म्हणून तो तिनाचं घेणार, आणि वर म्हणणार की सगळं चिनी झालंय. बाबा रे, तू उभाच नाही राहिलास! दुकानदाराला विचारलं असतंस, "हे कोणी केलं? कुठे केलं?" तर खऱ्या कारागिराच्या टपरीवर त्याने दहा मिनिटं सांगितलं असतं, आणि दुसरीकडे त्याने विषय बदलला असता. दोन प्रश्नांत निकाल लागतो. पण प्रश्न विचारायला वेळ लागतो, आणि टूरमध्ये नेमका तोच नसतो.

टूरवाले आणखी एक गोष्ट विकतात, ती म्हणजे 'शतकानुशतकांची अस्सल परंपरा'. ड्रेस्डेनच्या बाजाराचं वर्ष १४३४ सांगतात, ते खरं आहे. पण १४३४ साली तो एका दिवसाचा मटणाचा बाजार होता, नाताळच्या जेवणासाठी मांस घ्यायला भरलेला. न्यूरेंबर्गच्या बाजाराचा सगळ्यात जुना हाती असलेला पुरावा १६२८ सालचा, एका लाकडी डबीवरच्या मजकुराचा. आणि आज ज्यासाठी चौक तुडुंब भरतो तो उद्घाटनाचा सोहळा, सोनेरी केसांची 'क्रिस्टकिंड' चर्चच्या सज्जातून लोकांना बाजाराचं आमंत्रण देते तो? त्याची सुरुवात १९३३ साली, नाझींच्या राज्यात झाली. त्यांना न्यूरेंबर्ग हे 'अस्सल जर्मन' शहर म्हणून मिरवायचं होतं. युद्धात बाजार बंद पडला, शहराचा जुना भाग बॉम्बहल्ल्यात बेचिराख झाला, आणि १९४८ साली लोकांनी त्याच चौकात बाजार पुन्हा उभा केला, नवं आमंत्रण लिहून. १९६९ पासून क्रिस्टकिंड म्हणून शहरातलीच एखादी सोळा ते एकोणीस वर्षांची मुलगी दर दोन वर्षांनी निवडली जाते. २०१९ साली निवडून आलेल्या मुलीचे वडील भारतीय. त्यावर एका पक्षाच्या स्थानिक शाखेच्या पानावरून वर्णद्वेषी शेरा आला, मोठा गदारोळ झाला, शहर तिच्या बाजूने उभं राहिलं आणि ठरल्याप्रमाणे तिनेच बाजाराचं उद्घाटन केलं.

म्हणजे ही काही काचेच्या पेटीत जपून ठेवलेली वस्तू नाही. तिथले लोक ती दर पिढीत मोडतात, सांधतात, तिच्यावरून भांडतात. आपल्या सार्वजनिक गणपतीसारखंच म्हणा ना. गणपती 'बघायला' येणारा परदेशी पाहुणा आणि मांडव घालणारा कार्यकर्ता यांना एकच उत्सव दिसतो का?

मग उभं राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? इथे ग्लूवाइनच्या मगाची रचना समजून घ्या, इंजिनिअर असाल तर आवडेल. ग्लूवाइन म्हणजे दालचिनी, लवंग, संत्र्याची साल वगैरे घालून गरम केलेली वाईन. ती उकळायची नसते, कारण ७८ अंशांना अल्कोहोल उडायला लागतं. ती मिळते जाड चिनी मातीच्या मगात, आणि मगासाठी तीन-चार युरो अनामत ठेवावी लागते, तिला प्फांट म्हणतात. मग परत दिला की पैसे परत. (मगावर बहुधा गावाचं नाव आणि साल असतं. आवडला तर अनामत सोडून घरी न्या, चोरी नाही.) आता या एका युक्तीने काय होतं बघा. मग परत करायचा असल्यामुळे तुम्ही तो घेऊन भटकत नाही. खुर्च्या नसल्यामुळे बसून जागा अडवत नाही. उंच गोल टेबलं असतात, त्यांच्याभोवती चार अनोळखी माणसं कोपर टेकून उभी राहतात. बाहेर तापमान शून्याच्या आसपास, हातात गरम मग. वाईन गरम आहे म्हणून घाईने पिता येत नाही, आणि गार होईल म्हणून रेंगाळताही येत नाही. वीस मिनिटं तुम्ही त्या टेबलाला बांधलेले. एवढ्या वेळात जर्मन माणूससुद्धा बोलतो!

हे मी गमतीने म्हणत नाहीये. मी दोन हिवाळे एर्लांगेनला काढले, न्यूरेंबर्गपासून गाडीने वीसेक मिनिटांवर. ऑनसाईट गेलेल्यांना डिसेंबर काय असतो ते वेगळं सांगायला नको. हापिसला जाताना अंधार, परतताना अंधार, रविवारी दुकानं बंद, घरी फोन करावा तर तिकडे मध्यरात्र. आमच्या टीममध्ये एक ज्येष्ठ सहकारी होते. अकरा महिने आमचं बोलणं म्हणजे फुटलेले बिल्ड आणि लॉग फाइली, बाकी "गुटन मॉर्गन" आणि "शोनेन फायराबेंड". डिसेंबरात एका मंगळवारी टीम हापिसातून थेट तिथल्या राजवाड्यासमोरच्या बाजारात गेली. छोटासा बाजार, जमिनीवर लाकडाचा भुसा, मधेमधे झाडं उभी केलेली. दुसऱ्या मगाला त्या गृहस्थांनी मला विचारलं, "तुझ्या घरी कोण कोण असतं?" बस्, एवढंच. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. त्यानंतर बिल्ड फुटला तर ते माझ्या टेबलापाशी येऊन बोलायला लागले, तिकीट टाकायच्या ऐवजी.

हा प्रसंग न्यूरेंबर्गच्या प्रसिद्ध चौकात शनिवारी संध्याकाळी घडला असता का? छे. तिथे वर्षाला वीस लाखांच्या आसपास माणूस येतो. शनिवारी तुम्ही चालत नाही, वाहता. दादर स्टेशनचा पूल, फक्त थंडगार.

गर्दीचा मुद्दा नुसता गैरसोयीचा नाही. गर्दी बाजाराला मारू शकते. इंग्लंडमधल्या लिंकनचं उदाहरण घ्या. जर्मनीतल्या जुळ्या शहराशी असलेल्या मैत्रीतून १९८२ साली तिथे बाजार सुरू झाला, अकरा टपऱ्यांनिशी. वाढत वाढत २०२२ साली चार दिवसांत तीन लाखांवर माणूस लोटला, आणि गावाची वस्ती अवघी लाखभर. जुन्या गावातल्या अरुंद चढाच्या गल्ल्या. शेवटी २०२३ च्या सुरुवातीला नगरपालिकेने सुरक्षेचं कारण देऊन तो बाजार कायमचा बंद केला. चाळीस वर्षांचा बाजार आपल्याच प्रसिद्धीखाली चिरडून गेला.

जर्मनीत ओझं दुहेरी आहे. १९ डिसेंबर २०१६ ला बर्लिनच्या बाजारात ट्रक घुसवला गेला, २० डिसेंबर २०२४ ला माग्डेबुर्गमध्ये गाडी. माणसं मेली, शेकडो जखमी झाली. तेव्हापासून काँक्रीटचे ठोकळे, बोलार्ड, पहारेकरी हे बाजाराचं अंग झालंय, आणि त्याचा खर्च कोणी करायचा यावरून गावोगावी वाद आहेत. मोठ्या शहराला तो झेपतो. लहान गावाला, जिथे शाळेचे पालक आणि अग्निशमन दलाचे स्वयंसेवक मिळून विकांतापुरत्या टपऱ्या लावतात, तिथे तो जड जातो. म्हणजे आपण सगळे मिळून त्याच सहा नावाजलेल्या चौकांत कोंबून घेतो आणि शेजारच्या गावातला खरा बाजार गिऱ्हाइकाविना राहतो. 'वर्थ आहे का' या प्रश्नात हा भाग कोणी धरत नाही. तुमचे दहा युरो कुठे पडतात याने न्यूरेंबर्गला काही फरक पडत नाही. त्या छोट्या गावाला पडतो.

आता नेहमीच्या शंका. "आम्ही पीत नाही." किंडरपुन्श मागा, फळांच्या रसाचा, बिनदारूचा, तसाच गरम, तसाच मगात. "आम्ही शाकाहारी." बटाट्याची थालीपिठं म्हणावीत अशी कार्टोफेलपुफर मिळतात, सफरचंदाच्या गोड मुरंब्याबरोबर. अंडं चालत नसेल तर आधी विचारा, बऱ्याचदा असतं. भाजलेले चेस्टनट आणि साखरी बदाम तर बिनधास्त. मांसाहारी असाल तर न्यूरेंबर्गची बोटाएवढी सॉसेजं खा, सात ते नऊ सेंटिमीटरच, एका पावात तीन. "पण आपला सण नाही." अहो, बाजार आहे तो, बाप्तिस्मा नाही. आणि सणच अनुभवायचा असेल तर मुंबईहून विरार लोकल पकडून वसईला जा. पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारी ख्रिस्ती गावं आहेत, अंगणात गोठे मांडतात, घरी फराळ करतात. व्हिसा लागत नाही.

तर मग जावं का? माझी अट-यादी छोटी आहे. जर्मनीत, ऑस्ट्रियात किंवा अल्सासमध्ये आधीच राहत असाल, कामानिमित्त जाणार असाल, किंवा तिथे कोणी जिवाभावाचं असेल, तर नक्की जा. सोमवार ते गुरुवार. अंधार पडल्यावर. राहता त्या गावातला किंवा शेजारच्या गावातला बाजार. एकटे असाल तर एखाद्या सहकाऱ्याला तुम्हीच विचारा, तो तुम्हाला विचारायची वाट बघू नका, तोही लाजतच असतो. एक मग घ्या, एका टेबलाशी उभे राहा, एकच वस्तू घ्या आणि ती कोणी केली ते विचारून घ्या. फोन खिशात. दुसऱ्या दिवशी वाटलं तर पुन्हा त्याच बाजारात जा, दुसऱ्या नको. दुसऱ्यांदा गेलात की टपरीवाला ओळखतो.

आणि भारतातून खास यासाठी निघायचा विचार असेल, तर ते पैसे ठेवा. मे महिन्यात जर्मनी बघायला जा, रात्री नऊपर्यंत उजेड असतो, डोंगर आहेत, नद्या आहेत, बघण्यासारखं खूप आहे. एक्सेल शीट तेव्हा उपयोगी पडेल.

असो. ऑनसाईटवाल्यांनो, यंदा २३ तारखेच्या आत एखादी मंगळवारची संध्याकाळ मोकळी ठेवा. हातमोजे विसरू नका, आणि मग परत करायलाही. चार युरो म्हणजे चार युरो.